पहिला शॉट वर, बाकीचे जागेवर: एअर रायफलच्या रेग्युलेटरची जुनी तक्रार

तक्रार जवळजवळ याच शब्दांत येते. "रायफल स्टँडवर ठेवली, पाणी प्यायलो, दहा मिनिटं बसलो. परत उभा राहिलो तर पहिला शॉट वर गेला. मग पुढचे सगळे नीट." आठवडाभर ठीक चालतं, परत तेच. कोच म्हणतात, श्वास सुटला असेल. वडील म्हणतात, लक्ष नाही. मुलगी बिचारी रडवेली होते, कारण तिला ठाऊक असतं की नेम बरोबर होता.

आणि मग कुणीतरी एलन की घेऊन हॅमरचा, म्हणजे चाप ओढल्यावर हवेच्या व्हॉल्व्हवर आपटणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवतो.

सोलापुरात दहा मीटर एअर रायफल खेळणारी पोरं आता बरीच दिसतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून तर पालकांची चौकशी फारच वाढली. रायफली आल्या, पण त्या उघडून बघणारी माणसं आली नाहीत. बिघडली की पुण्या-मुंबईला धाडायची आणि महिनाभर दुसऱ्याच्या रायफलवर हात बसवायचा. म्हणून जे घरी तपासता येतं ते इथं सविस्तर लिहितो. जे घरी करू नये तेही लिहितो.

स्क्रूला हात लावण्याआधी हवेचं माप घ्या. या एका तक्रारीत हॅमर जवळपास कधीच दोषी नसतो.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक हातात देतात, ती स्प्रिंगची. नळी बिजागरीवर वाकवायची, स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढला की स्प्रिंग हवा ढकलते. तिच्यात साठवलेली हवा नसतेच, म्हणून तिला आपला आजार होत नाही. तिचे आजार वेगळे, आणि फुगेवाल्याला त्यांची पर्वा नसते. स्पर्धेची रायफल आधीच भरलेल्या हवेवर चालते. पुढच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. इतका दाब थेट छर्ऱ्यामागं सोडला तर सिलिंडर जसजसं रिकामं होईल तसतसा वेग बदलत जाईल. म्हणून मधे रेग्युलेटर बसवलेला असतो. तो सिलिंडरमधली हवा थोडी थोडी घेतो आणि एका लहानशा कोठीत ठरावीक, बऱ्याच कमी दाबानं भरून ठेवतो. चाप ओढला की हॅमर व्हॉल्व्हवर आपटतो, कोठीतली हवा सुटते, छर्रा निघतो. कोठीचा दाब पडला की रेग्युलेटर उघडतो, भरतो, ठरलेल्या दाबाला बंद होतो.

त्या "बंद होतो"मध्येच गोम आहे. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे टाकीचा फ्लोट सगळ्यांनाच माहीत. फ्लोट वर आला तरी कॉकचा वायसर खराब असेल तर थेंब थेंब चालूच राहतो आणि सकाळी टाकी ओसंडून वाहते. रेग्युलेटरचं अगदी तेच होतं. आत प्लास्टिकची एक बारीक सीट असते, ती छिद्रावर दाबून बसते. ती नीट बसली नाही की २०० बारच्या बाजूची हवा कोठीत झिरपत राहते. सलग शॉट मारताना हे कळत नाही, कारण चाळीस सेकंदांत कितीसं झिरपणार? दहा मिनिटं थांबलात की मात्र कोठीत दाब चढलेला असतो. पुढचा शॉट जास्त वेगानं जातो, म्हणजे वर लागतो. त्या शॉटनं कोठी रिकामी होते आणि सगळं परत जागेवर येतं. याला शूटर मंडळी "क्रीप" म्हणतात.

वेगात थोडा फरक पडला म्हणून काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब देतो. ४.५ मिमीचा, साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगानं निघाला तर दहा मीटरपर्यंत जायला ०.०५९ सेकंद घेतो आणि तेवढ्या वेळात सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग १७८ झाला तर साडेपंधरा मिमीच खाली येतो. फरक दीड मिमीचा. दहा मीटरच्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर २.५ मिमी असतं, म्हणजे दशांशाच्या गुणांकनात प्रत्येक ०.१ मागं पाव मिमी. दीड मिमी म्हणजे ०.६ गुण. मधोमध बसणारा १०.९ थेट १०.३ होतो. ६० शॉटच्या सामन्यात चार-पाच वेळा बसायला गेलात तर किती गेले ते तुम्हीच मोजा. दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा असतो हेही लक्षात ठेवा.

आता तपासणी. आधी निर्दोष गोष्टी बाजूला काढा, नाहीतर चांगला रेग्युलेटर उगाच उघडला जाईल.

नळी आत्ताच साफ केली असेल तर पहिले काही शॉट इकडंतिकडं जाणारच. शिशाचा पातळ थर परत बसेपर्यंत ते चालतं, त्याचा रेग्युलेटरशी संबंध नाही. छर्ऱ्यांचा डबा बदलला असेल तर जुन्या डब्यातले मारून बघा. डबा तोच, कंपनी तीच, पण लॉट वेगळा असला तरी फरक पडतो.

दुसरी फसवणूक गेजची, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याची. "रात्री २०० भरलं, सकाळी १८५ दाखवतंय, हवा गळतेय" असे फोन हमखास येतात. भरताना हवा दाबली जाते, सिलिंडर हाताला गरम लागतं. समजा आतली हवा ४५ अंशाला असताना काटा २०० वर होता. ती २५ अंशाला आली की काटा आपोआप १८७ च्या आसपास येतो. एक कणही बाहेर गेलेला नसतो. सावकाश भरा, सिलिंडर गार होऊ द्या, मग उरलेलं भरा. गळती म्हणायची तर गार झाल्यानंतरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बघा.

तिसरी गंमत क्रोनोग्राफची, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राची. तपासणीचं खरं हत्यार तेच, पण ट्यूबलाइटच्या उजेडात साधा क्रोनोग्राफ भलतेच आकडे देतो. त्याचे डोळे छर्ऱ्याची सावली बघतात आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असते. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, यंत्राला दिसतं. मग कुणी १५८ आणि १९० बघून घाबरतो. एकतर दिवसाच्या उजेडात व्हरांड्यात मोजा किंवा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा असलेला क्रोनोग्राफ मागून आणा. नळीच्या तोंडापासून मीटरभर पुढं ठेवा. अगदी जवळ ठेवलात तर नळीतून सुटलेली हवाच यंत्राला चकवते. समोर छर्रे अडवायचा डबा पक्का असू द्या, मागं कुणी नको, आणि डोळ्यांना चष्मा लावा.

एवढं झालं की खरी परीक्षा. सिलिंडर साधारण १५० बारच्या पुढं असू द्या. सलग काही शॉट मारून वेग स्थिर करा, आकडे कागदावर घ्या. मग रायफल एक मिनिट ठेवा, एक शॉट. मग दहा मिनिटं, एक शॉट. मग जेवून या, तासाभरानं एक शॉट. प्रत्येक वेळी त्या एका शॉटनंतर आणखी तीन-चार मारा. समजा स्थिर वेग १७१ आहे. एक मिनिटानं १७२, दहा मिनिटांनी १७५, तासाभरानं १७९ आणि प्रत्येकदा पुढचे लगेच १७१ वर, असं दिसलं तर क्रीप आहे. थांबण्याच्या वेळेबरोबर आकडा चढत गेला पाहिजे. एक मिनिट आणि एक तास यांत काही फरकच नसेल तर क्रीप नाही, कारण दुसरीकडं शोधा. शॉटनंतर कोठीतली हवा क्षणभर गार होते आणि नंतर खोलीच्या तापमानाला येते, त्यामुळे पहिल्या एखाद-दोन मिनिटांत किंचित चढ दिसणं साहजिक आहे. त्याला रोग समजू नका.

काही रायफलींना रेग्युलेटरच्या पलीकडच्या दाबाचंही वेगळं गेज असतं. ज्यांच्याकडं ते आहे त्यांनी फक्त काट्याकडं बघत बसावं, क्रोनोग्राफची गरजच नाही.

आकड्यांची चाल वेगळी निघाली तर अर्थही वेगळा. संथ मारताना वेग बरोबर आणि भराभर मारताना पडत जाणारा असेल तर कोठी वेळेत भरत नाहीये. बहुधा सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मधली बारीक जाळी तुंबलेली असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेग हळूहळू उतरतच गेला तर गेज बघा, सिलिंडरचाच दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेलेला असेल. अशा वेळी रेग्युलेटर काय करणार, तो सताड उघडा असतो. आणि आकडे कसलाही नेम नसल्यासारखे वरखाली होत असतील तर आधी ब्रीचची, म्हणजे छर्रा भरायच्या जागेची, ओ-रिंग (रबराची बारीक कडी) बघा. छर्रा आत ढकलणाऱ्या दांडीभोवती ती असते. टिश्यू पेपरची करंगळीएवढी पट्टी फाडून ब्रीचच्या फटीवर अलगद ठेवा आणि छर्रा भरून सुरक्षित दिशेला शॉट मारा. पट्टी उडाली की हवा मागं येतेय. ओ-रिंग किरकोळ किमतीची असते. तिच्यापायी लोक रायफल विकायला निघालेले पाहिलेत.

क्रीप ठरला तर पुढं वाचा. नाही ठरला तर पुढचं वाचून उगाच हात शिवशिवतील.

उघडण्याआधी एक गोष्ट बाहेरूनच बघून घ्या, ते म्हणजे रेग्युलेटरच्या अंगावरचं टाचणीएवढं छिद्र. ते गळतीचं भोक नाही, मुद्दाम ठेवलेलं असतं. आतल्या चकती-स्प्रिंगांच्या जागेत बाहेरच्या हवेचाच दाब राहावा म्हणून ते लागतं. आतली मोठी ओ-रिंग झिजली की याच छिद्रातून "सूं" असा बारीक आवाज येतो. एका घरी रायफल पाहायला गेलो तर त्या छिद्रावर एपॉक्सी लावलेलं. विकणाऱ्यानं फोनवर "भोक बुजवा, गळती थांबेल" असं सांगितलं होतं म्हणे. गळती थांबली खरी. पण झिरपलेली हवा स्प्रिंगांच्या जागेत साठली, स्प्रिंगांच्या जोडीनं ढकलू लागली आणि रेग्युलेटर ठरल्यापेक्षा वरच्या दाबाला बंद व्हायला लागला. वेग वाढला, तो कमी करायला वडिलांनी हॅमर सैल केला, तोपर्यंत रायफलचा मूळ हिशेबच हरवला होता. छिद्रात धूळ किंवा ग्रीस बसलं असेल तर टाचणीनं हलकेच मोकळं करा. बुजवू नका.

आता उघडायचं. सिलिंडर काढा. मग सुरक्षित दिशेला धरून, छर्रा न भरता, "फुस" आवाज पूर्ण थांबेपर्यंत चाप ओढा. कोठीत उरलेली हवा अशी निघून जाते. हे न करता रेग्युलेटरला पाना लावणं म्हणजे डोळ्याशी खेळ. रेग्युलेटर निघाला की पांढऱ्या कापडावर उघडा, कारण आतल्या चकत्या उड्या मारतात. त्या चकत्या बशीसारख्या असतात, आणि कुठली उपडी, कुठली उताणी यावर दाब ठरतो. एकेक काढताना मोबाइलवर फोटो घ्या. "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या रायफली मी नंतर जुळवल्या आहेत.

आत पिस्टन निघेल, त्याच्या टोकाला ती सीट. घड्याळजी डोळ्याला लावतात तशी भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात सीट तिरकी धरा. चांगल्या सीटवर केसासारखी बारीक, गोल, एकसारखी रेघ दिसते. खराब सीटवर रेघ एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला फिकट असते, किंवा रेघेला आडवा ओरखडा असतो, किंवा रेघेतच चमकणारा कण रुतलेला असतो. तो कण म्हणजेच तुमचे ०.६ गुण. बहुतेक वेळा तो सिलिंडरच्या आट्यांमधून सुटलेला ॲल्युमिनियमचा चुरा निघतो. सिलिंडर लावताना-काढताना आटे कोरडे घासले जातात, आणि चुरा हवेबरोबर आत.

सीट बदलायला मिळत असेल तर बदला. मिळत नसेल आणि ओरखडा वरवरचा असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर पालथा न घालता सरळ पसरा, थेंबभर पाणी टाका आणि सीट उभी धरून इंग्रजी आठच्या आकारात अगदी हलक्या हातानं फिरवा. दोन-चार फेऱ्या, मग भिंगातून बघा. घासून घासून लांबी कमी केलीत तर रेग्युलेटरचा दाबच बदलेल. सीट ज्याच्यावर बसते त्या छिद्राची कडही भिंगातून बघा. तिला दात पडला असेल तर घरचा उपाय संपला, तो भाग बदलावाच लागतो.

ओ-रिंग बदलताना मापाबरोबर कडकपणाही बघायला हवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या हायड्रॉलिकच्या दुकानांत मापाची ओ-रिंग मिळून जाते, पण तिथं ७० ड्युरो की ९० ड्युरो हे आपणहून विचारावं लागतं. जास्त दाबाच्या बाजूला ९० ची बरी. जुनी ओ-रिंग सोबत न्या, पण मापाला तिच्यावर भरवसा ठेवू नका, कारण ती दबून चपटी झालेली असते. खाचेचं माप घ्या. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांपैकी काही ओ-रिंगला लावू नका.

ग्रीस सिलिकॉनचंच, बोटावर दिसेल न दिसेल इतकं, आणि सीटवर अजिबात नाही. शिलाई मशिनचं तेल, मागाचं तेल, सायकलचं तेल यांतलं काहीही या रायफलीच्या हवेच्या वाटेत जाऊ देऊ नका. एकदम दाबलेली हवा तापते आणि खनिज तेलाची वाफ त्यात पेट घेऊ शकते, डिझेल इंजिनात घेते तसाच. ऑक्सिजनचं सिलिंडर जोडून भरणं तर सरळ जिवावरचं काम आहे. हॉस्पिटलला सिलिंडर पुरवणारा ओळखीचा आहे म्हणून कुणी सुचवलं तर त्याला हात जोडा.

जोडल्यावर सिलिंडर हळूच फिरवत लावा. रात्रभर ठेवून सकाळी तीच परीक्षा परत घ्या: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास.

कण आला कुठून याचा बंदोबस्त न करता रेग्युलेटर बंद केलात तर काही महिन्यांत परत तेच. आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ आणि बाराही महिने तूस. ज्यांच्या घरी खाली माग चालतो आणि वर पंप मारला जातो, त्यांच्या पंपाच्या तोंडाशी कापसाची तूस मी चिमटीनं काढली आहे. पंप बंद खोलीत मारा, तोंडाची जाळी साफ ठेवा. पावसाळ्यात हातपंपानं भरलं की हवेतलं पाणीही आत जातं. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये त्याची पांढरी पूड होते, पोलादी सिलिंडरमध्ये गंज, आणि दोन्ही शेवटी त्या बारीक जाळीत आणि सीटवर येऊन बसतात. पंपाला ओलावा शोषणारी नळी लावता येते. तिच्यातले दाणे रंग बदलले की बदला. भरताना मधेमधे थांबून पंपाचा खालचा स्क्रू सोडा, पाण्याचा फवारा डोळ्यांनी दिसेल. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं एक बोट फिरवलं की ॲल्युमिनियमचा चुराही थांबतो.

आता हॅमर. ज्यांच्या रायफलीत आधीच कुणीतरी तो फिरवून ठेवला आहे त्यांना तो परत जागेवर आणावा लागेल, पण रेग्युलेटर बरा झाल्यावरच. पद्धत अशी. रेग्युलेटरला हात न लावता हॅमरची स्प्रिंग थोडी थोडी, एक अष्टमांश फेरा एवढी, कसत जा आणि प्रत्येक वेळी काही शॉटचा वेग लिहा. वेग वाढत जाईल, मग वाढायचा थांबेल. पुढं कसलंत तर हवा फुकट जाते, आवाज वाढतो, वेग तोच. तो सर्वात वरचा आकडा धरा आणि तिथून मागं येत त्याच्या तीन ते पाच टक्के खाली थांबा. या जागी रायफल रेग्युलेटरची बारीकसारीक चूक पोटात घालते. फार सैल ठेवलात तर प्रत्येक चूक टार्गेटवर दिसते. एवढं करून वेग कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बराच वेगळा येत असेल तर पुस्तिकेचं ऐका आणि रायफल सर्व्हिसला द्या. वेग वाढवण्याचा नाद करू नका. १७० ला ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते, दहा मीटरला तेवढं पुष्कळ झालं. परवान्यावाचून एअर रायफलला २० ज्यूलची मर्यादा आहे, तिच्याजवळ जाण्याचं आपल्याला कारणच नाही.

हे सगळं एकदा जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त सुभेदारकाकांसमोर चाललं होतं. ते म्हणाले, "अहो, हे तर आमच्या एसएलआरसारखंच झालं की. तिला पण गॅस रेग्युलेटर होता. कमी ठेवला तर बोल्ट मागं येत नव्हता, जास्त ठेवला तर खांदा सुजायचा." त्यांचं बरोबर आहे. एसएलआर ही लष्करातली जुनी सेल्फ लोडिंग रायफल. तिच्यात नळीतला थोडा वायू पिस्टनकडं वळवतात आणि जादा वायू बाहेर सोडण्यासाठी फिरवायची कडी असते. आधी पूर्ण उघडी, मग शॉट मारत बंद करत जायचं, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा भाग) भरवशानं मागं यायला लागला की त्याच्या थोडं पुढं थांबायचं. परदेशात अशा रायफलींना सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) लावतात तेव्हा नळीतला दाब जास्त वेळ टिकतो, पिस्टनकडं जादा वायू जातो, बोल्ट धाडकन मागं येतो आणि काजळी नेमबाजाच्या तोंडावर. म्हणून तिथं गॅस कमी करावा लागतो. तिथंही स्क्रू फिरवण्याआधी आधीचं वागणं बघून ठेवतात, हे काकांना फार आवडलं.

त्यावर तिथल्याच एका पोरानं विचारलं, मग आपल्या एअर रायफललाही आवाज कमी करणारी नळी लावू का, शेजारी ओरडतात. नको. शस्त्र नियम २०१६ मध्ये बंदुकीचा आवाज दाबणारी साधनं सरळ प्रतिबंधित वर्गात आहेत. त्या वाटेला जाऊच नये. शिवाय स्पर्धेच्या रायफलीच्या तोंडाशी हवा बाजूला वळवणारा भाग आधीच असतो, छर्ऱ्याला मागून झोंबणारी हवा तो कापतो. त्यापुढं काही तिरकं बसलं तर छर्रा कडेला घासून ग्रुपच फाटतो, म्हणजे छर्रे एका जागी न लागता पसरतात. आणि शेजारी ज्या आवाजाला ओरडतात तो रायफलीचा नसतोच, पत्र्याच्या डब्यावर छर्रा आपटण्याचा असतो. डब्यात इलेक्ट्रिशियन वापरतात ती मऊ पुट्टी (डक्ट सील) किंवा जाड पुठ्ठ्याचे थर भरा, मागं जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा. आवाज बराच कमी होतो आणि शिशाचे तुकडेही उडत नाहीत. शिसं हाताळल्यावर हात धुऊनच जेवणाच्या डब्याला हात लावा, विशेषतः लहान मुलांनी.

मे महिन्याबद्दल वेगळं सांगतो. बाहेर ४२-४३ अंश असताना उन्हात लावलेल्या गाडीची डिकी ६० च्या घरात जाऊ शकते. घरी ३० अंशाला २०० बार भरलेलं सिलिंडर तिथं २२० बारवर पोचतं. सामन्याला निघताना १५० भरा, उरलेलं तिकडं पोचल्यावर. एसी हॉलमध्ये शिरल्यावर रायफल पेटी उघडून किमान अर्धा तास तशीच राहू द्या, मग साइटर (सामन्याआधीचे सरावाचे शॉट) मारा. सिलिंडरवर छापलेली तारीखही बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात सिलिंडरची मुदत उत्पादनापासून १० वर्षांची आहे आणि ती पाळण्याची जबाबदारी खेळाडूची. जुनी रायफल स्वस्तात घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी ही तारीख वाचावी, कारण नव्या सिलिंडरची किंमत त्या स्वस्ताईला गिळून टाकते.

रेग्युलेटरची कड दातेरी निघाली, दाब ठरवायचा स्क्रू कुणीतरी फिरवलेला निघाला, किंवा सीट बदलूनही तासाभराचा आकडा चढतच राहिला, तर मग सर्व्हिस सेंटरच. पाठवताना सिलिंडर काढून पूर्ण रिकामं करा, भरलेलं सिलिंडर कुरिअरवाले घेत नाहीत आणि घेऊही नये. सुटी सीट, जुन्या ओ-रिंगा, मधल्या चकत्यांचे फोटो असं सगळं पाठवा. "रायफल बिघडली आहे" एवढंच लिहू नका. एक मिनिट, दहा मिनिटं आणि एक तास यांचे आकडे, छर्ऱ्याचं नाव, त्या दिवशीचं तापमान आणि सिलिंडरचा दाब एका कागदावर लिहून तो पेटीत वरच ठेवा. तिथला मेकॅनिक पहिल्यांदा तोच वाचतो.